ढोलकीचा हात आणि नवं पथक



आज तुमच्याशी ढोलकीविषयी चार शब्द बोलायचे आहेत. सभा गाजवणाऱ्या नामवंत वादकांविषयी बोलणारे जाणकार पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे ते हौशी माणसाविषयी. दिवसभर शेत, दुकान किंवा शाळा सांभाळून रात्री जेवणं झाल्यावर जो ढोलकी पुढ्यात ओढतो, त्याच्याविषयी. असा माणूस तुमच्या गावात असेल, कदाचित तुमच्या घरातही असेल, आणि त्याच्या ठोक्यांनी तुमची झोप मोडत असेल, तर आजचं बोलणं त्याच्या बाजूनं आहे असं समजा.

मी स्वतः त्यातलाच. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातलं धावडा हे माझं गाव. अजिंठ्याचा डोंगर आम्हाला जवळ. भोवती मका, कपाशी आणि मिरचीची रानं. पेशानं मी मास्तर. ढोलकी कुणा उस्तादापुढे बसून शिकलो असं नाही. लहानपणी भजनाला टाळ घेऊन बसायचो. मृदंग वाजवणारे बुवा तंबाखू मळायला बाहेर गेले, की त्यांच्या मृदंगावर हळूच हात टाकायचा. एवढीच माझी शाळा. पुढे स्वतः शाळेत शिकवायला लागलो तेव्हा स्नेहसंमेलनात मुलांच्या गाण्यांना साथ करू लागलो. मुलं टाळ्या वाजवायची, पालक कौतुक करायचे, आणि आपल्याला वाजवता येतं असा माझा समज झाला.

गेल्या श्रावणात शाळेच्या ओसरीवर आम्ही पाच जण जमलो होतो. पेटी वाजवणारे एक किराणा दुकानदार, कॅसिओवर बोटं फिरवणारा कॉलेजातला एक मुलगा, आमच्या शाळेतल्या गाणाऱ्या बाई, खंजिरी सांभाळणारे त्यांचे यजमान, आणि पाचवा मी. बोलता बोलता कुणीतरी म्हणालं, "आपलं एक गाण्याचं पथक काढू या का?" पथक निघेल की नाही, ते त्या दिवशी ठरलं नाही. खरं सांगायचं तर अजूनही नक्की ठरलेलं नाही. पण दहा गाण्यांची यादी मात्र तिथल्या तिथे झाली. दोन अभंग, दोन भावगीतं, तीन जुनी सिनेमातली गाणी, एक पोवाडा, एक भीमगीत आणि शेवटी एक देशभक्तीचं समूहगीत.

आता तुम्ही म्हणाल, ही तर सगळी दुसऱ्यांची गाणी. त्यात तुमचं काय? प्रश्न रास्त आहे. पण आपल्या भजनी मंडळांचा विचार करा. अभंग संतांचा, चाल कुठल्या तरी जुन्या बुवांची, तर कधी एखाद्या नव्या सिनेमातून उचललेली. मेळ्यांनी आणि जलशांनीही लोकांच्या ओठांवरच्या चाली घेऊन त्यांवर आपले शब्द बसवले. पुण्याच्या मेलडी मेकर्ससारख्या वाद्यवृंदांनी सिनेमाची गाणी रंगमंचावर सादर करून महाराष्ट्राला वेड लावलं. दुसऱ्याचं गाणं नीट वाजवता येणं ही शिकण्याची पहिली इयत्ता आहे, आणि ती सोपी नाही. ती किती अवघड आहे, हे मला पहिल्याच तालमीत कळलं.

तालमीला एक जुनं सिनेमाचं गाणं घेतलं होतं. मी ते शेकडो वेळा ऐकलेलं. ठेका धरला, हात तापला, आणि मला वाटलं, वा, काय रंग भरतो आहे! दुसऱ्या अंतऱ्याला बाई मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, मी श्वास कुठं घेऊ?" सगळे हसले. मीही हसलो, पण मनातून खजील झालो. मग फोनवर मूळ गाणं लावलं. ते सव्वातीन मिनिटांचं होतं. आम्ही दोन मिनिटांत शेवटच्या अंतऱ्याच्या तोंडाशी येऊन पोचलो होतो. म्हणजे रंग भरत नव्हता, मी नुसता पळत होतो, आणि माझ्यामागे त्या बिचाऱ्या धावत होत्या.

त्या रात्रीपासून मी शिकायला लागलो. जे शिकलो ते तुमच्यापैकी एखाद्या हौशी वादकाला उपयोगी पडेल म्हणून क्रमानं सांगतो.

पहिली गोष्ट, हात बांधून ऐका. गाणं लावल्यावर आपला हात लगेच मांडीवर ठेका धरतो, तो धरू देऊ नका. एकदा फक्त गाणारा ऐका, एकदा फक्त ढोलकी ऐका. तुमच्या लक्षात येईल की गाणारा शब्द टाकत असतो तेव्हा चांगला वादक फारसं काही करतच नाही. तो साधा ठेका देतो. ओळ संपली, गाणाऱ्यानं श्वास घेतला, की तेवढ्या फटीत तो आपलं काम दाखवून पुन्हा गप्प बसतो. आपण हौशी लोक नेमके उलटे वागतो. शब्दांवर वाजवतो आणि फट आली की दमून थांबतो.

दुसरी गोष्ट, मात्रा मोजा. आपली बहुतेक हलकीफुलकी गाणी दोन तालांत बसतात. एक केरवा, आठ मात्रांचा: धा गे ना ती, ना के धी ना. दुसरा दादरा, सहा मात्रांचा: धा धी ना, धा ती ना. ओळखायचं कसं? गाणं लावून खोलीतल्या खोलीत चालून पाहा. डावा-उजवा पाय सहज पडत गेला, तर तो बहुधा केरवा. चालताना पाय अडखळतोय, पण पाळणा हलवल्यासारखा झोका मात्र जमतोय, तर तो दादरा. आपल्याकडचे पुष्कळसे पाळणे दादऱ्याच्या अंगानंच जातात. भावगीतांत कधी सात मात्रांचा रूपक भेटतो, तेव्हा मात्र बोटांवर मोजल्याशिवाय गत्यंतर नाही.

तिसरी गोष्ट, गाण्याचा नकाशा कागदावर काढा. शिक्षकांना हे नव्यानं सांगायला नको, कारण आपण तासांचं वेळापत्रक करतो तसंच हे आहे. सुरुवातीची वाद्यं किती आवर्तनं, मग धृपद किती वेळा, मधलं संगीत किती, अंतरा किती, गाणं कुठे थांबतं, पुन्हा कुठे उठतं, शेवट कसा होतो. एक गाणं, एक कागद. असा कागद केला की पाठांतराचा निम्मा भार उतरतो. मला शेवट कधीच नीट येत नसे, कारण शेवट मी कधी मोजलाच नव्हता.

चौथी गोष्ट, बोल आधी तोंडानं म्हणा. जाणकार याला पढंत म्हणतात. तोंडाला जे येत नाही ते हाताला येत नाही, हा अनुभव आहे. आणि याला ढोलकीही लागत नाही. मोटेवर बसून गाणी म्हणण्याचे दिवस गेले, पण रानात पाण्याची बारी देता देता बोल म्हणता येतात. शेजाऱ्यांची तक्रार नाही, कातड्याचा खर्च नाही.

पाचवी गोष्ट, घड्याळ. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा मिनिटाला साठ ठोके देतो. एका ठोक्याला दोन मात्रा धरल्या तर केरव्याचं एक आवर्तन चार सेकंदांत होतं, आणि तीन मिनिटांच्या गाण्यात अशी पंचेचाळीस आवर्तनं बसतात. जुनी गाणी तीन-सव्वातीन मिनिटांची का असतात, ठाऊक आहे? जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तेवढंच मावत असे. आता फोनवर ठोका देणारी साधनं आहेत, गाणं पाऊणपट वेगानं ऐकण्याचीही सोय आहे. ती जरूर वापरा. पण फोन नसेल तर घड्याळानं अडत नाही. आधी सावकाश, मग नेमकं, आणि अगदी शेवटी जलद, असा क्रम ठेवा.

सहावी गोष्ट सुराची. ढोलकीलाही सूर असतो हे आपण विसरतो. आमच्या बाई काळी चारमध्ये गातात, दुकानदार गातात ते काळी एकमध्ये. म्हणजे गाणारा बदलला की ढोलकीची चाटी चढवायला किंवा उतरवायला हवी. चाटी गाणाऱ्याच्या षड्जाला मिळाली की साधा ठेकासुद्धा गोड लागतो. न मिळाली, तर कितीही वाजवा, डबा बडवल्यासारखं होतं. पावसाळ्यात कातडं ओल धरतं आणि सैल पडतं, म्हणून तालमीच्या आधी अर्धा तास वाद्य कोरड्या जागी आणून ठेवावं. बँडवाल्यांच्या साइड ड्रमला ही अडचण नाही, कारण त्याच्यावर आता प्लास्टिकचा पापुद्रा असतो. तो पापुद्रा 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत निघाला आणि मग जगभर पसरला.

सातवी आणि शेवटची गोष्ट, काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते ठरवा. मूळ ध्वनिमुद्रणात पाच-सात वादक बसलेले असतात. एकट्या ढोलकीवर ते सगळं काढायला गेलात तर हाती काहीच लागत नाही. पण गाण्याचा जो प्राण असतो, तो ठेका मात्र सोडायचा नाही. हिंदी सिनेमात शंकर-जयकिशन यांचे सहायक दत्ताराम वाडकर होते. मूळचे गोव्याचे. त्यांचा ढोलकीवरचा एक ठेका असा काही गाजला की लोक त्याला "दत्तू ठेका" म्हणू लागले. गाणं कुणी लिहिलं, कुणी गायलं, हे विसरणारा माणूससुद्धा तो ठेका ऐकला की मान डोलावतो. असा ठेका गाण्याच्या पाठीच्या कण्यासारखा असतो. बाकीचे दागिने काढून ठेवले तरी चालतं.

आणि थोड्या माणसांत काम भागवणं ही काही आपलीच अडचण नाही. परदेशी बँडमध्ये पूर्वी मोठा ढोल एक जण, लहान ड्रम दुसरा, झांजा तिसरा असे वाजवत. नाटकगृहात जागा कमी आणि माणसांना द्यायला पैसेही कमी. म्हणून एकाच माणसानं बसून सगळं वाजवावं अशी खटपट सुरू झाली. मोठा ढोल पायानं वाजवायचा चांगला पेडल 1909 च्या सुमाराला शिकागोच्या लुडविग बंधूंनी बाजारात आणला, आणि आज आपण ज्याला ड्रमसेट म्हणतो तो हळूहळू आकाराला आला. गरजेतून शहाणपण येतं, ते असं.

एवढं केल्यावर माझी गाणी घड्याळात बसली. दोन महिन्यांत दहापैकी सात गाणी हातात आली. पण पोवाडा आणि भीमगीत काही केल्या उठेनात. मात्रा बरोबर, वेग बरोबर, आणि तरी बेचव. तेव्हा आमच्या खंजिरीवाल्यांनी सुचवलं, "वस्तीवरच्या आबांना ऐकवा."

आबा आता पंच्याहत्तरीच्या पुढचे. उभा जन्म त्यांनी डफडं वाजवलं. पंचक्रोशीतल्या लग्नांत, पोळ्याला, जत्रेत. उजव्या हातात आखूड जाड टिपरू, डाव्या हातात लांब बारीक काडी, आणि वाजवण्याआधी पाचटाच्या जाळावर कातडं शेकून घ्यायचं. मी लहानपणी त्यांच्या मागे मैलभर चालत गेलेलो आहे. त्यांच्या ओट्यावर ढोलकी घेऊन बसलो आणि पोवाड्याचा ठेका वाजवून दाखवला. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. मग म्हणाले, "गुरुजी, हात बरा हाय तुमचा. पर तुमी सोताच्याच हाताकडं बघता."

मी विचारलं, "मग कुठं बघू, आबा?"

म्हणाले, "वरातीत मी घोड्याकडं बघायचो, अन् म्होरं चालणाऱ्या म्हाताऱ्यांच्या पायाकडं. घोडं बिचकलं का हात हलका करायचा. म्हातारे मागं पडले का ठेका खाली आणायचा. नाचणारी पोरं कशावर बी नाचत्यात, त्यांची काळजी न्हाई."

श्रोते हो, आमच्या बाईंनी श्वास कुठं घ्यायचा या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. वाजवणाऱ्यानं पाहायचं ते दुसऱ्याकडे. गाणाऱ्याच्या छातीकडे, चालणाऱ्याच्या पायाकडे, आणि जो मागे पडतो आहे त्याच्याकडे. पुढच्या तालमीत मी बाईंकडे बघून वाजवलं आणि दोन्ही गाणी उठली.

मला आनंद झाला. मी धावत पुन्हा आबांकडे गेलो आणि म्हणालो, "आबा, तुम्ही आमच्या पथकात या. नाही तर मुलाला तरी पाठवा." तेव्हा ते जे बोलले, ते मी तसंच सांगतो. ते म्हणाले, "पोरगं वाजवत न्हाई. म्याच शिकवलं न्हाई. गुरुजी, लग्नात सगळ्यांच्या म्होरं मी असायचो, अन् पंगतीला सगळ्यांच्या मागं. ते त्यानं लहानपणी बघितलंय."

यावर मी काय बोलणार? आपल्या गावांची ही जुनी गोष्ट आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. डफडं आणि हलगी ज्यांच्या हातात होती, त्यांना ते काम हौस म्हणून मिळालं नव्हतं. जातीनं वाट्याला आलेली ती गावकी होती. वाजवलं तर भाकरी, न वाजवलं तर गावाचा रोष. 1927 च्या महाडच्या परिषदेपासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कमीपणाची कामं सोडून द्यायला सांगितलं, आणि 1956 च्या धर्मांतरानंतर तर कितीतरी ठिकाणी लोकांनी डफडं खाली ठेवलं ते कायमचं. त्यांनी ठेवलं ते योग्यच केलं. कलेची हानी झाली म्हणून हळहळणाऱ्यानं आधी स्वतःला विचारावं, की त्या कलावंताला आपण कुठं बसवत होतो?

पण गोष्ट तिथेच संपली नाही. आंबेडकरी जलशांत तीच ढोलकी पुन्हा उभी राहिली, आणि या वेळी ती वाजवणाऱ्याच्या मर्जीनं उभी राहिली. वामनदादा कर्डकांनी गावोगाव फिरून गाणी म्हटली. 1940 च्या दशकात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकानं डफाच्या थापेवर कामगारांना आणि शेतकऱ्यांना जागं केलं. आणि आपल्या मराठवाड्यातलंच उदाहरण द्यायचं तर अंबाजोगाईजवळच्या आपेगावच्या शंकरबापूंचं देता येईल. वारकऱ्यांच्या दिंडीतला पखवाज त्यांनी मोठमोठ्या संगीतसभांत नेऊन बसवला आणि पद्मश्रीचा मान मिळवला. वाद्य कधीच हलकं नसतं. ते कुणी, कुणाच्या हुकमानं आणि कुठल्या जागी बसून वाजवायचं, यावर त्याचा मान ठरतो.

आमच्यापासून फार लांब नसलेल्या अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकाचं चित्र आहे. त्यात एक नर्तकी नाचते आहे आणि तिच्याभोवती बासरी, मृदंग, टाळ घेतलेल्या बायका आहेत. दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकारानं वाजवणाऱ्यांना नर्तकीच्या शेजारीच, राजाच्या डोळ्यांसमोर काढलं आहे. मुलांना लेणी दाखवायला नेता तेव्हा हे चित्र दाखवायला विसरू नका.

असो. आबांनी मला सरळ नाही म्हटलं नाही. दोन अटी घातल्या. पहिली, पाटीवर सगळ्यांची नावं सारख्या अक्षरांत. दुसरी, कार्यक्रमाला काही मिळालं तर ते सगळ्यांत सारखं वाटायचं, आणि काही मिळालं नाही तरी त्यांचा त्या दिवसाचा रोज त्यांना द्यायचा.

मी हे बाकीच्यांना सांगितलं. कॉलेजातला मुलगा लगेच हो म्हणाला. बाईही हो म्हणाल्या. एकानं मात्र शंका काढली, "आपलं तर हौशी पथक. हौशी पथकात पैसे कसले?" शंका खोटी नव्हती. पण मला त्या वेळी पहिल्यांदा जाणवलं की हौस ही पगार असलेल्या माणसालाच परवडते. माझा पगार दर महिन्याला जमा होतो, म्हणून मी रात्री फुकट वाजवू शकतो. आबा एका दिवसासाठी आले तर त्यांचा तेवढा रोज बुडतो. आम्ही हौस करायची आणि तिचं भाडं त्यांनी भरायचं, हे पुन्हा जुन्या गावकीसारखंच झालं.

दोन रविवार यावर बोलणं चाललं आहे. दोघे तयार आहेत, एक गप्प आहे, आणि पेटीवाले म्हणतात, "बघू." मी माझ्यापुरतं ठरवून सांगितलं आहे की आबांच्या अटी मान्य झाल्या तरच मी ढोलकी धरीन. कदाचित यामुळे पथक निघणारही नाही. मला त्याचं वाईट वाटेल, कारण दहाही गाणी आता माझ्या हातात आहेत. पण चालणाऱ्यांच्या पायाकडे बघून वाजवायचं असं ज्यानं मला शिकवलं, त्याला मागे सोडून पुढे गेलो तर मी शिकलो काय?

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी. दुसऱ्यांची गाणी वाजवली तर कायदा काय म्हणतो, असं पुष्कळ जण विचारतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हौशी मंडळांना सवलत आहे. बघणाऱ्यांकडून पैसे न घेता किंवा एखाद्या धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी हौशी मंडळानं गाणी सादर केली तर तो हक्कभंग होत नाही. लग्नाची वरात आणि लग्नाचे समारंभ यांनाही मोकळीक आहे. मात्र तिकीट लावलं किंवा गाणी ध्वनिमुद्रित करून विकायला काढली, तर हक्कदाराचा प्रश्न येतो. 2012 च्या दुरुस्तीप्रमाणे जुन्या गाण्याची नवी आवृत्ती काढायची तर मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षं जावी लागतात, आधी सूचना द्यावी लागते आणि मोबदलाही भरावा लागतो. दुसरी गोष्ट आवाजाची. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर कर्णा किंवा वाद्यांचा गोंगाट चालत नाही. वस्तीत दिवसाची मर्यादा 55 डेसिबलची आहे. भिंती हादरवणाऱ्या डीजेला आपण नावं ठेवतो, तर आपल्या पथकानं हा नियम आधी पाळावा.

शेवटी माझ्या शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. 1918 च्या सुमाराला मध्य प्रदेशातल्या मैहर संस्थानात उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी अनाथ मुलांना जमवून त्यांना वाद्यं शिकवली आणि त्यांचा एक वाद्यवृंद उभा केला. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांनी नलतरंग नावाचं वाद्यही बनवलं. मैहर बँडचं नाव पुढे देशभर झालं. आपल्याकडे खाँसाहेब नाहीत, पण प्रत्येक गावात एखादे आबा आहेत. त्यांना शाळेत बोलवा. मुख्याध्यापकांच्या शेजारी खुर्ची द्या, चहा द्या, येण्याजाण्याचा खर्च आणि दिवसाचा रोज द्या. मुलांना ऐकू द्या, मुलींनाही हात लावू द्या. फोन असेल तर त्यांचे ठेके त्यांची परवानगी घेऊन टिपून ठेवा, आणि खाली त्यांचं नाव लिहा. ज्याच्या हातात पन्नास वर्षांचा ठेका आहे तो हात उद्या थांबला, तर तो कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही.

आणि तुम्ही, रात्री ढोलकी पुढ्यात ओढणारे माझे हौशी मित्र, तुम्हाला एवढंच सांगतो. गाणी शिका, दुसऱ्यांचीच शिका, मोजून शिका. पथक निघो वा न निघो, शिकलेलं वाया जात नाही. मला स्वतःला त्यातून ऐकायची सवय लागली. वर्गात मागच्या बाकावर बसलेला मुलगा कुठं अडखळतो, तेही आता माझ्या लवकर लक्षात येतं.

उद्या रविवार आहे. आम्ही पुन्हा शाळेच्या ओसरीवर बसणार आहोत. मी सहावी खुर्ची मांडून ठेवणार आहे. बघू या, कोण काय म्हणतं ते.